तुल्य मतदारसंघांचा शोध : एबू व्हेल आणि मॅक्डॉवेल कौंटी

२०१६ च्या जून महिन्यात ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदी निवडून आले. मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाची ‘निळी भिंत’ मानली जात. ती त्या वर्षी ढासळली. पुढे डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत उत्तर इंग्लंड व मध्य इंग्लंडमधील मजूर पक्षाच्या अनेक जुन्या जागा हुजूर पक्षाकडे गेल्या व त्या प्रदेशाला ‘लाल भिंत’ हे नाव पडले. तेव्हापासून अमेरिकेतील अमुक मतदारसंघाला ब्रिटनमधील जोड कोणता, हा प्रश्न अभ्यासकांप्रमाणेच पक्षांचे कार्यकर्तेही विचारू लागले. त्याचे उत्तर शोधण्याची रूढ रीत अशी की, दोन्ही देशांचे खानेसुमारीचे तक्ते शेजारी मांडावयाचे, धंदा, शिक्षण, उत्पन्न, वय व वंश यांची प्रमाणे जुळवावयाची आणि जे दोन मतदारसंघ सर्वांत जवळ येतील त्यांना तुल्य ठरवावयाचे. ही रीत अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. तथापि केवळ तिच्यावर विसंबून काढलेले निष्कर्ष कितपत टिकतात, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण एका देशातील पराभवाचा धडा दुसऱ्या देशातील पक्ष अशाच जोड्यांच्या आधारे शिकत असतात.

प्रथम मतदारसंघ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. दोन्ही देशांत एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो. या साम्यामुळे उभय संस्था एकाच जातीच्या वाटतात. परंतु २०२४ ची ब्रिटिश निवडणूक ज्या सीमांनुसार झाली त्यांचा प्रमाणांक ७३,३९३ नोंदलेले मतदार असा होता, तर २०२० च्या अमेरिकन खानेसुमारीनुसार प्रतिनिधिगृहाच्या एका जागेमागे सरासरी ७,६१,१६९ लोकसंख्या येते. येथे केवळ आकाराचाच भेद नाही. मोजण्याची वस्तूही निराळी आहे. ब्रिटनमध्ये नोंदलेले मतदार मोजतात, अमेरिकेत मुले व परदेशी नागरिक यांसह सर्व रहिवासी मोजतात. एव्हनवेल विरुद्ध ॲबट या २०१६ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या विधिमंडळांसाठी ही सर्व लोकसंख्या मोजण्याची पद्धत वैध ठरविली. लोकसंख्येच्या मापाने पाहिले तर एका अमेरिकन मतदारसंघात सुमारे सात ब्रिटिश मतदारसंघ सामावतात. सात निरनिराळ्या गावांची सरासरी एका गावाशी जुळली, तर त्या जुळण्याचा अर्थ फारसा उरत नाही. दिवाळखोर खाणवस्ती आणि सुखवस्तू उपनगर यांची बेरीज मध्यम स्थितीच्या शहरासारखी दिसू शकते.

हा भेद दोन्ही देशांच्या इतिहासातून आलेला आहे. ब्रिटिश प्रतिनिधित्वाचा मूळ आधार लोकसंख्या हा नसून शहर व परगणा हे समाजघटक होते. त्यामुळेच १८३२ पूर्वी ओल्ड सेरम या जवळजवळ निर्जन जागेला दोन प्रतिनिधी होते आणि मँचेस्टरला एकही नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ही विसंगती कमी केली. १८८५ च्या पुनर्विभाजन कायद्याने एकसदस्य मतदारसंघ हा सर्वसाधारण नियम केला. आणि १९४४ च्या कायद्याने सीमानिश्चितीचे काम कायमच्या आयोगांकडे सोपविले. तरीही मतदारसंघ म्हणजे एखादे ओळखीचे गाव किंवा खोरे, ही जुनी समजूत नाहीशी झाली नाही. आजच्या कायद्यातही सरासरीहून पाच टक्क्यांपर्यंत कमीअधिक असण्यास मुभा आहे, आणि ऑर्कनी व शेटलंड यांसारख्या बेटांना त्यातूनही वगळले आहे.

अमेरिकेत प्रवास निराळ्या दिशेने झाला. एकसदस्य मतदारसंघांचा दंडक काँग्रेसने १८४२ मध्ये घातला. परंतु सीमा आखण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडेच राहिला. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांच्या काळात, १८१२ मध्ये, पक्षहितासाठी आखलेल्या विचित्र आकाराच्या मतदारसंघावरून ‘गेरीमँडर’ हा शब्द निघाला, आणि ती वहिवाट पुढेही चालू राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास शहरांची लोकसंख्या वाढली असताही ग्रामीण विधिमंडळांनी सीमा बदलल्या नाहीत. १९६० च्या खानेसुमारीनुसार जॉर्जियातील अटलांटाच्या मतदारसंघात ८,२३,६८० लोक होते, तर त्याच राज्यातील नवव्या मतदारसंघात २,७२,१५४. वेसबरी विरुद्ध सँडर्स या १९६४ च्या निर्णयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर समतेचा आग्रह इतका कडक झाला की, १९८३ च्या कार्चर विरुद्ध डॅगेट खटल्यात एक टक्क्याहून कमी असलेली तफावतही न्यायालयाने, तिचे समर्थनीय कारण दाखविले नाही म्हणून, अमान्य केली. उलट २०१९ च्या रुचो विरुद्ध कॉमन कॉज खटल्यात पक्षहितार्थ केलेली आखणी हा संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा प्रश्न असल्याचे सांगण्यात आले. परिणामी अमेरिकन मतदारसंघ अंकगणिताच्या दृष्टीने अत्यंत समान आणि भूगोलाच्या दृष्टीने अत्यंत अस्थिर झाला. दर दहा वर्षांनी, आणि टेक्सासमध्ये २०२५ साली घडले तसे कधी त्याच्याही आत, त्याची सीमा बदलते. डेव्हिड बटलर व ब्रूस केन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन पुनर्विभाजनावरील ग्रंथात इतर लोकशाही राष्ट्रांशी तुलना करून अमेरिकेचे हे वेगळेपण दाखविले आहे.

उमेदवार कसा ठरतो, हाही भेद तितकाच महत्त्वाचा आहे. भारतीय वाचकास परिचित अशी दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक असलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या मध्य फिन्सबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे निवडून आले. मते पडली ती एकूण सुमारे सहा हजार आणि विजय झाला तो बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. पण दादाभाईंची खरी लढत त्यापूर्वीच झाली होती. ती स्थानिक उदारमतवादी संघटनेची उमेदवारी मिळविण्याची होती व तिच्यावरून दीर्घकाळ वाद चालला. पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एकोणतिसाव्या मतदारसंघातून अमेरिकन प्रतिनिधिगृहावर गेले. त्यांना उमेदवारी मिळाली ती एखाद्या समितीकडून नव्हे, तर प्राथमिक निवडणुकीत प्रत्यक्ष मतदारांकडून. बेळगावात वाढलेले मराठी भाषिक श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून निवडून आले, तेही अनेक उमेदवारांच्या प्राथमिक निवडणुकीत तीस टक्क्यांहून कमी मते मिळवून प्रथम आल्यामुळेच. ब्रिटनमध्ये मत मुख्यतः पक्षास पडते, अमेरिकेत व्यक्तीस अधिक वाव असतो; केन, फेरेजॉन व फिओरिना यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या वैयक्तिक मताचा उभय देशांत तौलनिक अभ्यास केला आहे. म्हणजे दोन मतदारसंघांतील मतांची टक्केवारी समान असली, तरी त्या मतांनी सांगितलेली गोष्ट समान असतेच असे नाही.

या सर्व अडचणी लक्षात घेता, अमेरिकन बाजूस तुलनेचा घटक म्हणून काँग्रेसचा मतदारसंघ न घेता कौंटी घ्यावी, हे अधिक सयुक्तिक ठरते. कौंटीच्या सीमा क्वचितच बदलतात, मतांची मोजणी कौंटीवार होते, आणि न्यायालय, शेरीफ व शाळा यांच्याभोवती स्थानिक राजकारणही तेथेच गुंफलेले असते. या पद्धतीची परीक्षा एका प्रत्यक्ष जोडीवर घेता येते. वेल्सच्या दक्षिणेस एबू व्हेल हा मतदारसंघ १९१८ मध्ये निर्माण झाला. त्यात एबू व्हेल, ट्रेडेगर व रम्नी ही गावे होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकास मॅक्डॉवेल कौंटी आहे. १९५० मध्ये तिची लोकसंख्या ९८,८८७ होती. त्या वर्षी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात ६२५ सभासद होते, व एका सभासदामागे सुमारे ऐंशी हजार लोक येत. म्हणजे ही एक कौंटी त्या काळच्या ब्रिटिश मतदारसंघाच्या मापाची होती. मॅक्डॉवेलचा अंतर्भाव मात्र काँग्रेसच्या निवडणुकीसाठी प्रथम पाचव्या, १९७३ पासून चौथ्या, १९९३ पासून तिसऱ्या व २०२३ पासून पहिल्या मतदारसंघात होत गेला, कारण राज्याच्या जागाच सहांवरून दोनांवर आल्या. वेस्ट व्हर्जिनियाने कौंट्या न तोडण्याचा परिपाठ पाळला आहे आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणास्तव तेथील अल्प तफावत ग्राह्य धरली. त्यामुळे ही कौंटी अखंड राहिली आहे. एबू व्हेलच्या जागी १९८३ मध्ये ब्लाइनाइ ग्वेंट हा मतदारसंघ आला व रम्नी त्यातून बाहेर गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा जोडले जाऊन ‘ब्लाइनाइ ग्वेंट आणि रम्नी’ असे नाव झाले. शंभर वर्षांनंतरही मूळचा घटक ओळखू येतो.

दोन्ही ठिकाणांचे बाह्य साम्य लक्षणीय आहे. डोंगरांच्या अरुंद घळींत वसलेल्या वस्त्या, कोळसा हा मुख्य आधार, बाहेरून आलेल्या मजुरांनी झालेली वाढ, प्रार्थनामंदिरांचे प्राबल्य आणि मृत्यूची सततची शेजारवस्ती, ही लक्षणे दोन्ही कोळसाक्षेत्रांना लागू पडतात. ब्रिटनमधील सर्वांत भीषण खाण-अपघात १९१३ मध्ये दक्षिण वेल्समधील सेंघेनिड येथे झाला व त्यात ४३९ खाणकामगार मेले. अमेरिकेतील सर्वांत भीषण अपघात १९०७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातीलच मोनोंगा येथे झाला व त्यात अधिकृत गणनेप्रमाणे ३६२ जण मेले. भेदही आहेत. एबू व्हेल येथे कोळशाबरोबर पोलादाचा कारखाना होता. मॅक्डॉवेलमधील गॅरी ही वस्ती पोलाद कंपनीची असली तरी तेथून कोळसा तेवढा निघे. मॅक्डॉवेलमध्ये कृष्णवर्णीय खाणकामगार मोठ्या संख्येने होते आणि, दक्षिणेतील इतर राज्यांत त्यांचा मताधिकार हिरावला गेला असताना, येथे ते मत देत. याच कौंटीतून मिनी बकिंगहॅम हार्पर १९२८ मध्ये राज्याच्या विधिमंडळावर नेमल्या गेल्या. अमेरिकेत विधिमंडळाच्या सभासद झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. गुलामगिरीच्या अंतापासून चालत आलेल्या निष्ठेमुळे हे मतदार रिपब्लिकन पक्षाचे होते आणि १९३२ पूर्वी कौंटीही त्याच पक्षाची होती.

परंतु या जोडीतील निर्णायक भेद खानेसुमारीच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. तो संघटना व पक्ष यांच्या क्रमाचा आहे. दक्षिण वेल्स खाणकामगार महासंघ १८९८ मध्ये स्थापन झाला. केर हार्डी १९०० मध्ये शेजारच्या मर्थर येथून पार्लमेंटात गेले. आणि १९०९ मध्ये ब्रिटनचा खाणकामगार महासंघ मजूर पक्षास जोडला गेला. म्हणजे आधी संघटना, मग तिचा पक्ष. एबू व्हेलमध्ये १९१८ पासून मजूर पक्षच निवडून येत गेला. १९२९ मध्ये तेथील विद्यमान सभासद एव्हन डेव्हिस यांना बाजूस सारून अन्यूरिन बेव्हन यांना उमेदवारी मिळाली, ती खाणकामगारांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानातून. पक्ष हा तेथे बाहेरून आलेला आश्रयदाता नव्हता, तो संघटनेचाच विस्तार होता.

दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात याच्या उलट घडले. तेथे कंपनीच घराची, दुकानाची व अनेकदा पोलिसांचीही मालक होती. १ ऑगस्ट १९२१ रोजी मॅक्डॉवेलच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर सिड हॅटफिल्ड या कामगारांच्या बाजूच्या पोलिस अधिकाऱ्याचा कंपन्यांच्या हस्तकांनी खून केला आणि त्यातून लोगन कौंटीत ब्लेअर पर्वताची सशस्त्र लढाई पेटली. कामगारांचा तीत पराभव झाला. तेथे संघटना खऱ्या अर्थाने रुजली ती १९३३ मध्ये, रूझवेल्ट यांच्या शासनाने संघटित होण्याच्या हक्कास कायद्याची मान्यता दिल्यानंतर. म्हणजे आधी पक्ष सत्तेवर आला, मग त्याच्या छायेत संघटना वाढली. डेमोक्रॅटिक पक्ष खाणकामगारांचा स्वतःचा कधीच झाला नाही. तो त्यांचा उपकारकर्ता झाला. काँग्रेसमधील जागाही संघटनेच्या हाती नव्हती. पाचव्या मतदारसंघात जॉन की, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी एलिझाबेथ व त्यानंतर पुत्र जेम्स, असे एकच कुटुंब १९३३ ते १९७३ प्रतिनिधित्व करीत राहिले.

युद्धोत्तर काळात या भेदाची फळे दिसू लागली. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी वर्गणीतून चालविलेल्या वैद्यकीय साहाय्य संस्थेचा अनुभव गाठीशी असलेल्या बेव्हन यांनी १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. खाणीही १ जानेवारी १९४७ पासून राष्ट्राच्या झाल्या होत्या. अमेरिकन खाणकामगारांनी हीच गरज संघटनेच्या कल्याणनिधीतून भागविली. त्या निधीने १९५६ मध्ये ॲपलॅचियन प्रदेशात रुग्णालयेही उघडली. पण निधी कोळशाच्या उत्पादनावरील आकारावर अवलंबून होता आणि कोळसा उतरणीस लागताच तोही दुबळा झाला. १९५० च्या करारात संघटनेने यंत्रीकरणास संमती दिली होती. त्यानंतर माणसे भराभर कमी झाली. १९६० मध्ये केनेडी यांनी वेस्ट व्हर्जिनियातील प्राथमिक निवडणूक जिंकली आणि मे १९६१ मध्ये त्यांच्या शासनाची अन्न-कूपन योजना याच मॅक्डॉवेल कौंटीत प्रथम अमलात आली. मदत आली, पण ती पुन्हा उपकाराच्या रूपानेच. २०२० मध्ये कौंटीची लोकसंख्या १९,१११ उरली होती. ब्लाइनाइ ग्वेंटमध्ये खाणी गेल्या, २००२ मध्ये पोलादाचा कारखानाही बंद झाला. पण सरकारी घरे, रुग्णालये व नगरपालिकेची कामे यांमुळे माणसे तेथे राहिली आणि २०२१ मध्येही सुमारे ६७ हजार लोकवस्ती होती. म्हणून आजचे तक्ते जुळविणारा संशोधक ज्या मॅक्डॉवेलची तुलना करील, तीत निघून गेलेल्या चार पंचमांश लोकांचा मागमूसही नसेल.

मतदानाचा क्रम आता अधिक स्पष्ट होतो. वेस्ट व्हर्जिनियाने १९३२ ते १९९६ या काळात १९५६, १९७२ व १९८४ ही वर्षे वगळता अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारास कौल दिला. २००० पासून ते राज्य रिपब्लिकन झाले. मॅक्डॉवेल त्याहून अधिक काळ टिकली. २००८ मध्ये तिने ओबामा यांना बहुमत दिले, पण २०१२ मध्ये रॉम्नी यांना दिले. ३८ वर्षे प्रतिनिधी असलेले निक रेहॉल २०१४ मध्ये पराभूत झाले. उपकारकर्ता पक्ष कोळशाच्या विरोधात गेला असे वाटताच निष्ठेचा आधार संपला. ब्लाइनाइ ग्वेंटमध्ये २०१६ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले, व हे प्रमाण वेल्समध्ये सर्वाधिक होते. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर नसताना या खोऱ्यांचा आणि ॲपलॅचियन डोंगरांचा असंतोष एकाच दिशेने वाहिला. परंतु २०१९ मध्ये तोच मतदारसंघ, मते घटूनही, मजूर पक्षाकडेच राहिला. त्याने त्या पक्षास एकदा पाडले होते ते २००५ मध्ये, आणि तेही हुजूर पक्षास मत देऊन नव्हे. मध्यवर्ती पक्षाने लादलेल्या उमेदवारनिवडीच्या नियमाविरुद्ध उभे राहिलेले पीटर लॉ हे स्थानिक बंडखोर तेव्हा अपक्ष म्हणून निवडून आले. पक्ष आपला आहे असे मानणारेच पक्षाला अशी शिक्षा करतात.

यावर एक आक्षेप संभवतो. डरहॅममध्येही खाणकामगारांची संघटना जुनी व पक्षाच्या आधीची होती. तरी बिशप ऑकलंड व सेजफील्ड या जागा २०१९ मध्ये हुजूर पक्षाकडे गेल्याच. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे संघटनेचा क्रम हे सर्व प्रश्नांचे एकमेव उत्तर नव्हे, हे मान्य करावे लागते. वेल्समध्ये हुजूर पक्षाकडे परकेपणाने पाहण्याची परंपरा होती, ती डरहॅममध्ये त्या प्रमाणात नव्हती. शिवाय डरहॅमच्या या मतदारसंघांत खाणवस्त्यांबरोबर नवी घरे व बाजारगावेही होती. तथापि बिशप ऑकलंड २०२४ मध्ये पुन्हा मजूर पक्षाकडे आले. डर्बीशरच्या कोळसाक्षेत्रातील बोल्सोव्हरचेही तसेच झाले. मॅक्डॉवेल मात्र परतली नाही. २०१९ चे डरहॅम व २०१६ चे वेस्ट व्हर्जिनिया एकाच प्रवाहाचे दोन काठ मानणाऱ्यांना हा पुढील फरक समजावून देणे कठीण जाते.

या विवेचनावरून तुल्य मतदारसंघ शोधणाऱ्यास तीन कसोट्या लावता येतील. पहिली घटकाची : सीमा बदलल्या तरी जो टिकून राहिला आहे असा, समान मापाचा समाज घ्यावा; ब्रिटनमध्ये तो बहुधा मतदारसंघातच सापडेल, अमेरिकेत कौंटीत शोधावा लागेल. दुसरी काळाची : दोन स्थळे एकाच वर्षी घेण्याऐवजी आपापल्या इतिहासाच्या एकाच टप्प्यावर घ्यावी, १९५० ची मॅक्डॉवेल १९५० च्या एबू व्हेलशी तोलता येते, २०२० ची येत नाही. तिसरी अर्थाची : मतदार त्या मताने काय सांगत होता, पक्ष त्याचा होता की त्याच्यावर उपकार करणारा होता, हे पाहावे. तक्त्यांची जुळणी या तिन्ही कसोट्यांनंतर करावयाची असते, आधी नव्हे. या कसोट्यांना उतरलेली जोडीही अखेर पूर्ण तुल्य ठरणार नाही. एबू व्हेल व मॅक्डॉवेल तशा ठरल्या नाहीत. पण कोणत्या बिंदूपर्यंत त्या बरोबर चालल्या आणि कोठे त्यांच्या वाटा फुटल्या, हे सांगता आले. आणि एका देशाच्या अनुभवावरून दुसऱ्या देशाने काय शिकावे व काय शिकू नये, हे ठरविण्यास तेवढेच ज्ञान उपयोगी पडते.